तेल नाकारण्याची सोय

रविवार, १२ जानेवारी २०२५. सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे. माझ्या मुलीने तिचा लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला, वायर भिंतीतल्या प्लगला लावली आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"आज तुम्ही खेळायचं, अण्णा. मी मागं उभी राहते."

"आधी चहा घे."

"आधी खेळा."

ती पुण्याहून रात्रीच्या गाडीने कळंबला उतरली होती. तिचे वय सत्तेचाळीस आहे. बँकेतील नोकरी सोडून तिने आणखी तिघांबरोबर व्हिडिओ गेम तयार करण्याचे छोटे ऑफिस पुण्यात काढले, त्याला सहा वर्षे झाली. त्यांचा पहिला मोठा खेळ माझ्या पुस्तकांवर बेतलेला होता. महिनाअखेरीस तो पाहण्यास पैसे घालणारी माणसे येणार होती. त्यांनी तो स्वीकारला तर ऑफिस टिकणार होते. अन्यथा बंद होणार होते. एवढे तिने उभ्या उभ्या सांगितले. मी चष्मा पुसून बसलो.

पुस्तकांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असताना मी नऊ लहान कादंबऱ्या लिहिल्या. बसस्थानकावरच्या पुस्तकांच्या गाड्यांवर त्या विकल्या जात, आणि भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांत त्यांची पाने सुटेपर्यंत फिरत. सर्व कथा एकाच मुलखात घडतात. त्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या पाऊस नाही. माणसे विहिरींच्या आत, पायऱ्यांच्या कडेला घरे कोरून राहतात. एका विहिरीच्या तळातून दुसरी विहीर निघते. पाणी सर्वांत खाली आहे. खाली उतरणाऱ्याला वरच्या काठावर दिव्यात तेल मिळते, आणि वाटेत कोणी तेल मागितले तर आपल्यातले अर्धे द्यावे लागते. त्या मुलखात तेल कोणी नाकारत नाही. नऊही पुस्तकांत हा नियम एकदाही मोडलेला नाही.

हा नियम मी कोठून घेतला, ते पुस्तकांत लिहिलेले नाही. माझ्या लहानपणी आमच्या वस्तीतल्या बायकांना गावच्या विहिरीवर चढण्याची मुभा नव्हती. माझी आई घागर घेऊन खाली उभी राहत असे. वरून कोणी पाणी ओतीत असे, कोणी "आज न्हाय" म्हणत असे. "न्हाय" ऐकल्यावर ती काही बोलत नसे, बाजूला सरकून उभी राहत असे. पुढे धर्मांतर झाले, वस्तीची स्वतंत्र विहीर झाली, मी शिकलो, नोकरीला लागलो. लिहायला बसलो तेव्हा असा मुलूख लिहिला, जेथे मागणाऱ्याला "न्हाय" ऐकावे लागत नाही.

मुलीने दीड वर्षापूर्वी खेळाचा पहिला कच्चा भाग मला दाखवला होता. त्या वेळी ती खेळली आणि मी बाजूला बसून पाहिले. सोबत तिचा एक सहकारी आला होता. खेळाची रचना त्याची होती: कोणती पायरी कोठे जाईल, कोण कोठे भेटेल, खेळणाऱ्याने काय करायचे, हे सारे तो ठरवीत असे. मूळचा अणदूरचा. खंडोबाच्या यात्रेत गाडीवर माझे तिसरे पुस्तक घेतले आणि घरी पोहोचण्याआधी वाचून संपवले, असे त्याने सांगितले. दारातून आत येताच तो माझ्या पाया पडू लागला. आमच्या घरी ती रीत नाही. मी "नको" म्हणालो. त्याने ऐकले नाही. त्यानंतर मात्र त्याने माझे सर्व ऐकले.

त्या कच्च्या भागात खेळणाऱ्याला तेल मागितले गेले की पडद्यावर दोन शब्द उमटत: "घे" आणि "न्हाय". मुलीने त्या वेळी प्रत्येक ठिकाणी "घे" निवडले, परंतु दुसरा शब्द माझ्या डोळ्यांसमोरून हटेना. आणखीही बरेच खटकले. पायऱ्यांची संख्या चुकली होती. द्वारपालाचे लांब निवेदन दोन वाक्यांवर आणले होते. पात्रे प्रमाण भाषा सोडून आपल्याकडचे बोलत होती. मी त्यांना एक महिना थांबवले आणि सूचना लिहून काढल्या. छत्तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला दुसरी पद्धत ठाऊक नसते. फुलस्केप कागद, लाल शाई, समासात क्रमांक. एकाहत्तर पाने झाली. नाकारण्याच्या सोयीपुढे मी लिहिले: "अक्षम्य. या मुलखात तेल कोणी नाकारत नाही. काढून टाकणे." शेवटच्या पानावर लिहिले: "वरील मुद्द्यांवर चर्चा नको."

आता माझ्यासमोर त्या सूचनांबरहुकूम झालेला खेळ होता.

बाणाच्या कळांनी चालायचे, आडव्या मोठ्या कळीने होकार द्यायचा. बोटांना टंकलेखनाची सवय होती, म्हणून अडचण आली नाही. पहिल्या विहिरीच्या काठावर दिवा मिळाला. पायऱ्या उतरू लागलो. मनात मोजल्या. एकतीस. पुस्तकात एकतीस आहेत. तळाशी द्वारपाल उभा होता. त्याने बोलण्यास सुरुवात केली.

त्याचे निवेदन मी चाळीस वर्षांपूर्वी लिहिले होते आणि त्याचा मला अभिमान होता. कोण्या नटाने ते स्पष्ट उच्चारांत म्हटले होते. पहिला परिच्छेद मी लक्षपूर्वक ऐकला. दुसऱ्याच्या मध्यावर माझे लक्ष टेबलावरच्या धुळीकडे गेले. तिसरा सुरू झाल्यावर मी विचारले, "हे पुढे ढकलता येते का?"

"नाही."

"का?"

"तुमची सूचना एकोणीस. संवाद वगळण्याची सोय नको."

मी ऐकून घेतले. द्वारपालाचे संपल्यावर पुढची विहीर लागली. तेथे एक म्हातारी भिंतीला टेकून बसलेली होती. तिचा दिवा विझलेला होता. ती म्हणाली, "हे पांथस्था, माझ्या दिव्यास अर्धे तेल मिळेल काय?" पडद्यावर एकच शब्द आला: "घे". मी कळ दाबली. म्हातारीने चार वाक्यांत आभार मानले. पुढे एक वाटसरू भेटला. त्याने तेल मागितले. "घे." कळ दाबली. पुढे एक बाई, कडेवर मूल. "घे." कळ दाबली. तेल संपत आले की कोनाड्यात भरलेली बुधली मिळत होती, कारण पुस्तकात नायकाला ती मिळते.

तिसऱ्या विहिरीत मी थांबलो. कळ माझ्या अंगठ्याखाली होती आणि ती दाबण्याचे कारण मला सापडत नव्हते.

"पुण्यात वीसेक जणांना खेळायला दिला," मुलगी मागून म्हणाली. "मी त्यांच्याही मागं अशीच उभी होते. इथंच खेळ बाजूला ठेवतात सगळे. एका पोरीनं विचारलं, ताई, यात मी काय करायचं?"

"तू काय सांगितलेस?"

"म्हटलं, पायऱ्या मोज. एकतीस आहेत."

मी मागे वळून पाहिले नाही. ती हसत नव्हती, हे आवाजावरून कळत होते.

"हे मला आधी का सांगितले नाही?"

"तुम्ही लिहिलं होतं ना, चर्चा नको."

"तू लहान नाहीस. तुझे ऑफिस आहे."

"ऑफिसात तुमची एकाहत्तर पानं भिंतीला लावलीत, अण्णा. सर म्हणाले म्हटल्यावर कोण बोलणार? मी बोलले असते तर ते म्हणाले असते, लेक असून बापाच्या पुस्तकाला हात लावते." तिने माझ्यासमोर येऊन चष्मा काढला आणि पदराने पुसला. "पेपर तुम्ही तपासला. आम्ही नापास. विषय संपला."

नंतर ती स्वयंपाकघरात जाऊन चहा करू लागली. तिच्या आईला जाऊन सहा वर्षे झाली. भांडी कोठे आहेत हे तिला अजूनही विचारावे लागत नाही. मी पडद्याकडे पाहत बसलो. दिवा जळत होता. पायऱ्या, कमानी, भिंतींवरचे शेवाळ, सर्व मी लिहिले होते तसे होते. चूक काढण्यास जागा नव्हती.

चहा घेताना मी विचारले, "तो जुना कच्चा भाग आहे?"

"आहे. तीन विहिरींचाच आहे. ओबडधोबड आहे."

"लाव."

"कशाला? परत लाल करायला?"

"लाव म्हणतो ना."

तिने लावला. घड्याळात दहा पंचेचाळीस झाले होते.

येथे पायऱ्या एकोणतीस होत्या. द्वारपाल म्हणाला, "खाली चाललायसा? तेल जपून वापरा. माघारी येताना कुणी देत न्हाय." एवढे बोलून तो बाजूला झाला. भिंती कच्च्या होत्या. काही ठिकाणी दगडाच्या जागी नुसता राखाडी रंग होता. दिव्यातले तेल खरोखर कमी होत होते आणि कोनाड्यात बुधली नव्हती. प्रकाश कमी झाला की पुढच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. एकदा पाय चुकून मी पडलो, आणि दहा पायऱ्या वर जाऊन पुन्हा उतरावे लागले. तेवढे तेल वाया गेले. मी खुर्ची पुढे ओढली.

पहिल्या वाटसरूला अर्धे तेल दिले. दुसऱ्याला दिले. तेव्हा दिव्यात पाव भागही उरला नव्हता आणि तळच्या पाण्याचे दार आणखी एक विहीर खाली होते. त्या वळणावर म्हातारी बसलेली होती. ती म्हणाली, "तेल हाय का रं थोडं?"

दोन शब्द उमटले.

मी हिशेब केला. तिला दिले तर उरलेल्या तेलात दार गाठता येणार नव्हते. ती बसलेली होती. तिला कोठे जायचे नव्हते. परत येताना पाहू, असेही मनात आले, जरी परत येताना तेल उरणार नाही हे मला माहीत होते. एवढा विचार करण्यास जितका वेळ लागला तितका लागला. मी "न्हाय" दाबले.

म्हातारी म्हणाली, "बरं."

आणखी काही झाले नाही. वाद्य वाजले नाही, गुण वजा झाले नाहीत. मी खाली गेलो, दार गाठले, घागर भरली. परतीची वाट तीच होती, दिवा जेमतेम मिणमिणत होता. म्हातारी तेथेच अंधारात बसलेली होती. मी जवळ पोहोचताच तिने पाय जवळ घेतले आणि मला जाण्यास वाट करून दिली.

मी उठलो. मोरीत जाऊन तोंड धुतले. परत आलो तेव्हा मुलगी रिकामे कप घेऊन दारात उभी होती.

"नाही म्हणालात?"

"हो."

"मीपण. पहिल्यांदा जवळजवळ सगळेच म्हणतात."

"आणि नंतर?"

"नंतर परत वरून सुरू करतात. तिला देऊन खाली जाता येतं का, ते बघायला. आधीच्या दोघांना नाही म्हणावं लागतं मग. कुणी काठावरूनच वात बारीक करतं, अंधारात चाचपडत उतरतं. एकजण पाच वेळा खेळला. ऑफिस बंद करायची वेळ झाली तरी उठेना. तो भाग बघूनच आम्ही हातातली बाकी कामं सोडून यात पडलो होतो."

पुस्तकात वाचक माझ्या मागून चालतो. नायकाने तेल दिले असे मी लिहिले की वाचकाच्या दृष्टीने ते दिलेच गेलेले असते. नाकारण्याचा मोह मी नायकाला कधी होऊ दिला नाही, त्यामुळे वाचकालाही झाला नाही. खेळणारा माणूस माझ्या पुढे चालतो, आणि दिवा त्याच्या हातात असतो. त्याच्यासाठी मी एकच शब्द ठेवला होता. त्या शब्दाने तो काहीही देत नव्हता. नियम मी लिहिला खरा. तो पाळावा लागतो म्हणजे काय, हे अणदूरच्या त्या माणसाने माझ्याआधी ओळखले होते, आणि मी त्याला "अक्षम्य" म्हटले होते.

"तो कोठे आहे आता?" मी विचारले.

"गेल्या मार्चमध्येच गेला. मोठ्या कंपनीत. दुसरा दिवाळीनंतर गेला. आता मी आणि चित्रं काढणारी, दोघीच आहोत."

"त्याने जाताना काय सांगितले?"

"म्हणाला, घरच्या अडचणी आहेत. अडचणी काही नव्हत्या."

मी त्याचा नंबर मागितला. ती "राहू द्या" म्हणाली. मी पुन्हा मागितला. रविवार असल्याने त्याने दुसऱ्या घंटीला फोन घेतला.

"सर! नमस्कार सर. तब्येत कशीय?"

"बरी आहे. तू सध्या काय करतोस?"

"वांगी फोडतोय सर."

"म्हणजे?"

"गेम हाय सर तसला. तीन वांगी एका रांगेत आली की फुटत्यात. फुटायचा आवाज तेरखेड्यात जाऊन घेतलाय, खऱ्या फटाक्याचा. लई चालतंय." तो हसला. "तसं काम बरं हाय सर."

"तुझा पहिला कच्चा भाग मी आज खेळलो. तेल नाकारण्याची सोय तू ठेवली होतीस."

"चूक झाली सर ती."

"चूक नव्हती."

"न्हाय सर, तुमचं बरोबर होतं. मुलूख तुमचा. मी उगा शहाणपणा केला."

"मी सांगतो, चूक नव्हती. चूक माझी होती."

"असं म्हणू नका सर."

"तुला ते मान्य आहे की नाही?"

"तुम्ही म्हणाल तसं, सर."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. या माणसाशी भांडता आले असते तर बरे झाले असते. दीड वर्षापूर्वी त्याने माझ्यासमोर एक वाक्य उलट म्हटले असते, तर मी रागावलो असतो, आठ दिवस बोललो नसतो, आणि कदाचित पडताळून पाहिले असते. त्याने वाकून नमस्कार केला आणि एकाहत्तर पाने शिरोधार्य मानली. अशा माणसाला आता उलट बोलण्याची आज्ञा केली, तरी तो ती आज्ञा म्हणूनच पाळणार होता.

"एक विचारतो," मी म्हणालो. "परत येताना ती म्हातारी पाय जवळ घेते. ते कशासाठी ठेवलेस?"

"ते होय?" त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. "ते काही ठरवून न्हाय ठेवलं सर. तिचे पाय वाटेत येत होते. खेळणारा अडकून पडायचा, पुढंच जाईना. दोन दिवस डोकं खाल्लं तिनं. शेवटी म्हटलं, आजे, घे बाई पाय जवळ."

"बरोबर केलेस."

"सर, काही कमीजास्त झालं का त्यात?"

"नाही. तू परत येशील का? थोड्या दिवसांसाठी."

त्याच्या मागे कोणी तरी भाजीविषयी विचारत होते. "इथं दोन वर्षांचा करार हाय सर," तो म्हणाला. "सोडता येत न्हाय. ताईंना सांगा, कच्च्या भागाची सगळी टिपणं जुन्या फायलीत हायत. मी काढून टाकली नव्हती." मग म्हणाला, "तुमचं दहावं पुस्तक कधी येतंय सर?"

"येणार नाही," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

मुलगी समोर बसून सर्व ऐकत होती. बारा वाजले होते. तिने भाकऱ्या केल्या, मी लसूण सोलून दिला. जेवताना ती शक्य काय आणि अशक्य काय ते सांगू लागली. त्या बाबतीत ती तिच्या आईवर गेली आहे, रडण्याच्या जागी बेत करते. नऊ पुस्तकांचा तयार झालेला खेळ आता वाचवता येणार नव्हता. दोघींना त्याची उलटापालट करण्यास वर्ष लागले असते, आणि हातात अठरा दिवस होते. कच्च्या तीन विहिरी तेवढ्या नीट करता आल्या असत्या. भिंती पूर्ण करायच्या, आवाज घालायचे, पडण्याच्या दोन जागा दुरुस्त करायच्या. येणाऱ्या माणसांना तेवढेच दाखवायचे.

"ते नऊ बघायला येणारेत," ती म्हणाली. "तीनच दाखवल्यावर उठून जातीलही."

"जातील."

"मग संपलं."

"हो."

तिने मान हलवली. मी तिला खोटा धीर देत नाही हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे. तिला तो हवा होता की काय, हे मात्र मी कधी विचारलेले नाही.

जेवणानंतर मी कागद घेतला आणि निळ्या शाईने लिहिले: माझ्या नऊ पुस्तकांतील मुलूख, पात्रे व नियम वापरण्यास, बदलण्यास आणि मोडण्यास माझी विनाअट संमती आहे, यापूर्वीच्या सर्व सूचना रद्द समजाव्यात, तयार झालेले काम मला दाखवण्याची आवश्यकता नाही. खाली सही केली. तिने वाचून कागद घडी न करता पिशवीतल्या पुठ्ठ्यात ठेवला.

"शेवटचं वाक्य कशाला?" तिने विचारले.

"दाखवले तर मी तपासीन."

"तेही खरंय."

त्यानंतर ऑफिसचा विषय निघाला. पुण्यातली जागा तिने या महिन्यापुरतीच ठेवली होती, परंतु शेजारी बांधकाम सुरू झाल्याने वीज दिवसातून चार वेळा जात होती. चित्रे काढणारी सहकारी बार्शीची. ती इकडे येऊन राहण्यास तयार होती. दोन टेबले आणि तीन संगणक मावतील एवढी खोली हवी होती, दार बंद होणारी.

"माझी खोली घे," मी म्हणालो.

ती माझ्याकडे पाहत राहिली. या खोलीत मी चाळीस वर्षे लिहिले आहे. ती लहान असताना दुपारी दाराशी आली तरी मी तिला परत पाठवीत असे.

"आणि तुम्ही?"

"मधल्या घरात बसेन."

"बसाल. आणि दर तासाला दाराशी येऊन उभे राहाल."

"राहणार नाही."

"राहाल, अण्णा. काही बोलणार नाही. नुसतं खाकराल. ती पोरगी घाबरून पायऱ्या मोजायला लागेल."

"मग आतून कडी लावा."

"या दाराला आतून कडीच नाहीये."

ते खरे होते. ही खोली बाहेरूनच बंद होत असे. आत कोणी असताना ती बंद करण्याची वेळ आली नव्हती, कारण आत मी असताना कोणी येत नसे.

चारच्या सुमारास आम्ही बसस्थानकावर गेलो. ती यंत्रे आणण्यासाठी परत निघाली होती. मंगळवारी टेम्पो भरून येणार होती. संक्रांतीची गर्दी असल्याने पहिली गाडी भरून गेली. दुसऱ्या गाडीत तिला खिडकीची जागा मिळाली. गाडी सुटेपर्यंत मी खाली उभा राहिलो. तिने खिडकीतून विचारले, "पुस्तकं कुठं ठेवाल सगळी?"

"माळ्यावर."

"एकट्यानं चढू नका."

"चढणार नाही."

घरी परतल्यावर वायरमनला फोन केला. त्याला मी चौथीत शिकवले होते.

"दोन पॉइंट काढायचे आहेत. उद्या सकाळी. अर्थिंग नीट पाहिजे."

"फ्रीज घेतला का काय गुरुजी?"

"नाही. संगणक येणार आहेत."

"आता या वयात कम्प्युटर शिकताव व्हय?"

"मुलगी काम करणार आहे."

"बरं बरं. नऊला येतो."

मग खोली रिकामी करण्यास घेतली. टेबल भिंतीपासून ओढले, खुर्ची मधल्या घरात नेली. पुस्तकांचे गठ्ठे बांधून पलंगाखाली सारले. माळ्यावर चढलो नाही. भिंतीची लांबी टेपने मोजली: अकरा फूट चार इंच. दोन टेबले बसत होती.

कोपऱ्यावरचे हार्डवेअरचे दुकान उघडे होते. तेथून सहा इंची कडी आणली. स्क्रू तीनच निघाले. चौथा घरातल्या डब्यात सापडला. दाराचे लाकूड जुने आणि कठीण आहे, म्हणून आधी खिळ्याने भोके पाडावी लागली. कडी बसवली. आत उभा राहून ती एकदा लावून पाहिली. थोडी अडकत होती. कोयंडा अर्धा सूत खाली घेतला, तेव्हा नीट बसली. कडी काढून बाहेर आलो आणि खोलीतला दिवा बंद केला. सहा वाजून पन्नास मिनिटे झाली होती.